पोट माझं, खर्रा यांचा

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. कारण हा किस्सा ऐकून आजवर एकही माणूस गंभीर राहिलेला नाही. माझी सख्खी जाऊ तर फोनवर हसता हसता दूध उतू घालवून बसली. आणि मग म्हणते, "ताई, माझं दूध तुमच्यामुळे गेलं!" घ्या! तेही माझ्याच माथी.

गोष्ट माझ्या पोटाची आहे. लाजायचं काय त्यात? पोट सगळ्यांनाच असतं. मला ते जरा जास्त होतं, एवढंच.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. आठवी, नववी, दहावी. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन, आता दोघंही पुण्याला शिकायला. मुलं झाल्यावर वजन जे चढलं ते उतरायचं नाव घेईना. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मी हट्टाला पेटले. पहाटे चालणं, भात बंद, साखर बंद, लग्नाच्या पंगतीत नुसती कोशिंबीर. वीस किलो उतरवले! वीस! शाळेत कौतुक झालं, गॅदरिंगला नारळ देऊन सत्कार केला. वजन कमी केलं म्हणून नारळ मिळालेली विदर्भातली मी एकटीच असेन.

पण वजन गेलं आणि कातडी तशीच राहिली ना! पोटाखाली पिशवीसारखी लोंबायला लागली. आणि आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्या घडीखाली घाम, पुरळ, खाज. फळ्याकडे तोंड केलं की खाजवायचं आणि पोरांकडे तोंड केलं की प्रकाशसंश्लेषण शिकवायचं. किती दिवस चालणार हे?

त्यातून सल्ले देणाऱ्यांना काही तोटा? स्टाफरूममध्ये एकीने कपालभाती सांगितली. दुसरीने पोटाला लुगडं आवळून बांधायला सांगितलं. शेजारीण म्हणाली, एरंडेल तेल चोळा. अहो, पोट आहे की दाराची बिजागरी? दोन बाळंतपणांत माझे पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, ते तेल लावून परत शिवले जाणार आहेत का? मी विज्ञान शिकवते आणि मलाच सगळे विज्ञान शिकवतात!

शेवटी मी ठरवलं, ऑपरेशन करायचं. टमी टक. लोंबणारी कातडी काढायची, फाकलेले स्नायू जवळ घेऊन शिवायचे, विषय संपला.

हे मी घरी सांगितलं. घरी म्हणजे आमच्या ह्यांना. यांचं राजापेठेच्या पलीकडे कृषी केंद्र आहे, बियाणं-खताचं दुकान. माणूस शांत. पण शांतीचं कारण स्वभाव नव्हे, तोंडात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना असं सगळं प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून घोटून तयार केलेला तो ऐवज गालात धरला की माणूस बोलणार कसा? बावीस वर्षांच्या संसारात निम्मी उत्तरं मला "हूं" आणि "उंहूं" अशीच मिळालीत.

त्या दिवशी मात्र हे बाहेर जाऊन थुंकून आले, म्हणजे मामला गंभीर.

"काहून वं? हे काय नवीन खूळ? मले तं तुह्या पोटाची काही अडचण नाई."

"तुमाले कशी अडचण असन? पोट मी घेऊन हिंडतो का तुमी?"

"पण लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले सांगाचंच नाई."

म्हणून तर अकोला! अमरावतीत एकही दवाखाना असा नाही की जिथे माझा विद्यार्थी नाही. मला बघून तो "मॅडम!" म्हणून उभा राहणार आणि संध्याकाळपर्यंत गावभर. अकोल्यात आपल्याला कोण ओळखतंय? चांगला, नावाजलेल्या सर्जन बाईंचा दवाखाना शोधला, वेळ घेतली, तोंडाला रुमाल बांधून आत शिरले, तर काउंटरवरची नर्स ताडकन उभी राहिली.

"मॅडम! मी पूनम! नववी ब!"

काय करता? कपाळ बडवून घेता येत नाही, लोक बघतात.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला एकदम स्पष्ट. पहिल्यांदा म्हणाल्या, "वजन कमी करायला आला असाल तर हे ऑपरेशन त्यासाठी नाही." मी म्हटलं, ते मी केलंय, नारळ मिळालाय. मग त्यांनी तपासलं. अजून मूल हवं आहे का, विचारलं. मी एकोणपन्नासची! यांना ठसकाच लागला. मग सांगत गेल्या: कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके येतील, व्रण कायमचा राहील, बेंबीसुद्धा नव्याने बसवावी लागेल. काही दिवस नळ्या असतील, आठवडाभर वाकूनच चालायचं, दीड महिना पोटाला पट्टा, आणि जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही.

एवढं सगळं ऐकून आमच्या ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे सैपाक कोन करन?"

डॉक्टर मॅडमनी नुसतं बघितलं. मी जे बघितलं ते तुम्हाला सांगत नाही.

मग फॉर्म. बीपी नाही, शुगर नाही, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या नाहीत. "वजन स्थिर किती दिवसांपासून?" एक वर्ष! छाती काढून सांगितलं. "सिगारेट, बिडी, तंबाखू? कुठल्याही रूपात?"

"मी?" मी खुर्चीत सरळ झाले. "डॉक्टर, मी विज्ञान शिकवते!"

"म्हणजे नाही ना?"

"छे! वास सहन होत नाही मला."

"बरं झालं. कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. कातडीला रक्त पोचत नाही, मग टाके भरत नाहीत. कधी कधी कातडी काळी पडते, मरते. त्यामुळे तंबाखू खाणाऱ्यांचं ऑपरेशन आम्ही करतच नाही. निदान सहा आठवडे आधी सोडायला लावतो, आणि दहा दिवस आधी लघवी तपासतो. सगळ्यांचीच."

आता मला सांगा, बावीस वर्षं ज्या शस्त्राच्या शोधात मी होते, ते असं आयतं हातात आल्यावर मी गप्प बसणार होते का? गर्रकन वळले यांच्याकडे.

"ऐकलं? ऐकलं का? कातडी काळी पडते! मरते! आणि तुमी तो खर्रा घेऊन घरात हिंडता!"

डॉक्टर म्हणाल्या, "ताई, पेशंट तुम्ही आहात. ते खातात त्याचा तुमच्या टाक्यांशी काही संबंध नाही. घरात सिगारेटचा धूर असता तर गोष्ट वेगळी."

हे वाक्य त्या बोलल्या होत्या. पूनम साक्षीला आहे. पण मला ऐकूच आलं नाही. शिक्षकाला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

तारीख ठरली. दिवाळीची सुट्टी लागली की भाऊबीज करायची आणि दुसऱ्या दिवशी भरती व्हायचं. सुट्टी, त्यात पुढे रजा जोडली, मुख्याध्यापकांची सही झाली. ही तारीख हुकली की थेट उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे मे महिना, आणि अमरावतीच्या मे महिन्यात दीड महिना पोटाला घट्ट पट्टा! त्यापेक्षा रोडग्यासारखं गोवऱ्यांवर भाजून घेतलेलं काय वाईट? त्यामुळे दिवाळी म्हणजे दिवाळी. त्यात कोणी आडवं आलं तर खैर नाही.

दुसऱ्याच दिवशी मी चौकातल्या पानठेल्यावर गेले. चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर ठणकावून सांगितलं, "यांना इथून पुढे खर्रा द्यायचा नाही. माझ्या जिवाचा प्रश्न आहे." ठेलेवाला बिचारा हातातली पन्नी तशीच धरून उभा राहिला. घरी यांचे खिसे तपासले. स्कूटरची डिकी तपासली. दुकानात गल्ल्यामागे दोन पुड्या सापडल्या, त्या मी कापसाचं खत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर नालीत टाकल्या.

संध्याकाळी यांना समोर बसवलं आणि कागदावर रक्तवाहिनी काढून दाखवली. ही अशी असते, निकोटीन आलं की अशी होते. लाल पेनाने.

यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "माह्या खर्ऱ्यानं तुह्यी नळी कशी काय आवळन वं?"

"एका घरात राह्यतो ना आपण!"

काय बिनतोड उत्तर होतं! मला स्वतःलाच पटलं.

आणि ऐका, माणसाने सोडला हो! खरंच सोडला. पण ते पंधरा दिवस, काय सांगू! डोकं दुखतंय, झोप नाही, चिडचिड. हरभऱ्याचं बियाणं मागणाऱ्याला गहू दिला. एका गिऱ्हाइकाने "भाऊ, खर्रा हाय का जवळ?" असं सहज विचारलं तर त्याच्या अंगावर धावून गेले. नवव्या दिवशी मला म्हणाले, "तुह्या पोटापायी मी मरून जाईन एखाद्या दिवशी!"

मी कशाला ऐकते? मी रोज सकाळी त्यांना मनोबल शिकवत होते. मागच्या अंगणात नळापाशी पाटावर बसायचं, आईने पाठवलेलं काळं मंजन बोटावर घ्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं निवांत दातांना लावत बसायचं, हा माझा कॉलेजपासूनचा नेम. दात दुखायचे म्हणून आईने लावून दिलेला. त्याच्याशिवाय मला चहा नको, पेपर नको, आणि स्पष्टच बोलायचं तर संडाससुद्धा होत नाही. तर ते मंजन लावता लावता मी यांना सांगायची, "मन खंबीर पाह्यजे. माणसानं कशाचं गुलाम नाई व्हावं. एक दिवस नाई मिळालं तं काय मरते का माणूस?"

हे म्हणायचे, "पहिले थुंकून ये. मंग बोल. मले समजून नाई राह्यलं."

असे दोन महिने गेले. यांच्या खिशात आता बडीशेप. तोंडाचा वास गेला, गाल आत गेले, आणि मुख्य म्हणजे माणूस बोलायला लागला. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की बावीस वर्षांचं व्यसन मी दोन महिन्यांत सोडवलं. मी! त्यांनी सोडलं असं एकदाही म्हटलं नाही मी.

दिवाळीच्या आधी दहा दिवस आम्ही परत अकोल्याला. पूनमने डबी दिली, मी नमुना दिला आणि बाकावर बसून यांना ऑपरेशननंतरच्या स्वयंपाकाची यादी सांगत होते. खिचडी तरी जमेल ना, वगैरे. तेवढ्यात पूनम आली. तोंड उतरलेलं.

"मॅडम, जरा आत येता?"

आत डॉक्टर तपासणीची पट्टी हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, निकोटीन आहे. चांगलंच आहे."

"कोणात?"

"तुमच्यात."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, गंमत करताय. त्या काही हसल्या नाहीत. मग मी जे सुरू झाले! डब्या बदलल्या असतील. "मॅडम," पूनम हळूच म्हणाली, "डबीवर तुम्हीच नाव लिहिलंय. लाल पेनानं. खाली सही पण केलीय." मग पट्टी जुनी असेल. पूनमने नवी पट्टी वापरून दाखवली. तेच. आता उरलं कोण? मी खुर्ची फिरवली.

"तुमी! तुमी चोरून खाऊन राह्यले! तुमच्यामुळं माह्यात आलं!"

"नाई वं, आईशप्पथ!"

"खोटं नका बोलू! डॉक्टर, आमचा टॉवेल एक आहे! यांनी दोनदा कणीक मळली! पाण्याचा तांब्यासुद्धा..."

"टॉवेलमधून निकोटीन लघवीत येत नाही, ताई."

"मग यांची तपासा! आत्ताच्या आत्ता तपासा! होऊ द्या दूध का दूध!"

हे उठले, पूनमच्या हातातून डबी घेतली आणि गेले. मी तेवढ्या वेळात डॉक्टरांना माझ्या संसाराचा पूर्ण इतिहास सांगितला. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही तो ऐकू जात असावा, कारण बाहेर एकदम चिडीचूप झालं होतं.

पूनम पट्टी घेऊन आली. डॉक्टरांनी बघितली. यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन. एकदम स्वच्छ."

बावीस वर्षं खर्रा खाल्लेला माणूस स्वच्छ! आणि बडीशेपेलाही हात न लावणारी मी? मला तर रडूच यायला लागलं. तारीख, रजा, मुख्याध्यापकांची सही, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मी पहिल्याच दिवशी 'कुठल्याही रूपात' म्हटलं होतं. तपकीर? गुल? मशेरी? दात कशाने घासता?"

"मंजनाने. घरचं आहे. माझी आई करते. एकदम आयुर्वेदिक."

"त्यात काय काय असतं?"

"लवंग, मीठ, बदामाची टरफलं जाळून..." मी थांबले. "आणखी काय ते आईला माहीत."

"लावा फोन."

माझी आई बार्शीटाकळीला भावाकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर, कान अधू, त्यामुळे फोन स्पीकरवर ठेवून ओरडूनच बोलावं लागतं. दार अर्धं उघडं होतं, ते कोणीच लावलं नाही. कोण लावेल? नाटक रंगात आलं होतं.

"हालो! नंदे? झालं का आपरेशन?"

"नाई झालं! आई, तू मंजनात काय काय टाकतं?"

"काहून? संपलं का? मागच्या आठवड्यातच तं यष्टीच्या कंडक्टरजोळ धाडलं!"

"संपलं नाई! टाकतं काय थे सांग!"

"लवंगा. सेंधं मीठ. बदामाचे टरफलं. थोडकी फिटकरी. आन् तंबाखू."

बाहेरच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

"किती?" मी फोनवर वाकले. "आई, तंबाखू किती टाकतं?"

"आता किती म्हंजे? तंबाखूचंच असते थे! बाकीचं सारं वासाले!"

"मंग मले काहून नाई सांगतलं कधी?"

"तुले काय सांगाचं माय?" आई आता खरोखर चकित झाली होती. "तव्यावर भाजाले तूच तं बसे! ठसका लागे तं नाकाले पदर लावून हलवत राहे! भुलली का?"

खोटं कशाला बोलू तुमच्याशी? नव्हते विसरले. तो तवा, तो घशात जाणारा तिखट धूर, सगळं मला पक्कं आठवत होतं. पुडी आणायलाही मीच जायची. फक्त मी त्याला कधी तंबाखू म्हटलं नव्हतं. तंबाखू म्हणजे पुरुष ठेल्यावर उभे राहून खातात ती. आई भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून, कॉफीच्या धुतलेल्या बाटलीत भरून पाठवते, ती तंबाखू कशी असेल? ते मंजन! आणि एखाद्या दिवशी ते लावायचं राहिलं की माझं डोकं ठणकायचं, त्याला मी इतकी वर्षं उन्हाचा त्रास म्हणत होते. जानेवारीतसुद्धा.

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की पूनमकडे मान वर करून बघवेना. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात हे तिला नववीत मीच शिकवलं होतं.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "दिवाळीची तारीख गेली. मंजन पूर्ण बंद करा. पट्टी स्वच्छ आली की आपण उन्हाळ्याचं बघू."

उन्हाळ्याचं! मी मनातल्या मनात पट्टा बांधून घामाने भिजूनसुद्धा घेतलं.

परतीच्या वाटेवर हे गाडी चालवत होते. मी वाट बघत होते. आता बोलतील, आता टोमणा मारतील. बावीस वर्षांची उधारी आहे, दोन महिने खिसे तपासलेत, नालीत पुड्या टाकल्यात. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर आलं, हे गप्प. तोंडात काही नसताना गप्प! त्याने तर मी आणखी पेटले.

"बोला ना काहीतरी! नाई तं हासा!"

यांनी चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. दोन चहा आणले. म्हणाले, "पाय, तिसऱ्या दिवशी डोकं लय दुखते. आठव्या-नवव्या दिवशी घरच्याइले खाऊ का गिळू वाटते. तवा बोल मले काय बोलाचं थे, मी मनावर नाई घेनार. अन् जवळ गूळ-फल्ली ठेवत जा. तोंडाले कामधंदा लागते."

अशा माणसाशी भांडावं तरी कसं? मी रडत रडत चहा प्यायले. त्यात साखर होती, तीही प्यायले.

आणि मग सुरू झाली माझी परीक्षा! मनोबल, खंबीर मन, गुलामी, सगळी भाषणं मी यांना दिली होती, ती आता कोण मला देणार? कोणी दिलीच नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. बाटली यांनी उकिरड्यावर फोडली. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं. आठव्या दिवशी मी अख्ख्या दहावीला उभं केलं. दिवाळीचे अनारसे जळाले. पोरं पुण्याहून आली आणि दोन दिवस आधीच परत गेली, म्हणाली, अभ्यास आहे. आणि नेमकं सकाळी नळापाशी पाटावर बसायचं आणि करायचं काय? बोट रिकामं, तोंड रिकामं!

मग मी गूळ-फल्ली, म्हणजे गूळ-शेंगदाणे, खायची. मूठभर. मग दोन मुठी.

आईलाही वाईट वाटलं बरं का. तिला वाटलं, आपल्यामुळे पोरीचं ऑपरेशन राहिलं. मंजन बंद केलं तर तिने त्याच यष्टीने, त्याच कंडक्टरजवळ दर आठवड्याला फल्लीच्या लाडवांचा डबा पाठवायला सुरुवात केली. साजूक तुपातले! "थंडीचे दिवस हायत, तंबाखू सुटल्याचा अशक्तपणा येते," म्हणे. मी म्हटलं, बरोबर आहे, औषध म्हणून खायला काय हरकत? सकाळी एक, शाळेतून आलं की एक, आणि डोकं ठणकलं तर वरचा एक. डोकं ठणकायचं जानेवारीतच थांबलं होतं. वरचा लाडू थांबायचा राहिला. पहाटेचं चालणंही थंडीमुळे जरा मागे पडलं, आणि थंडी गेली तरी मागेच राहिलं.

पण मंजनाला हात लावला नाही. साडेपाच महिने! हे मात्र लिहून घ्या.

एप्रिलमध्ये आम्ही अकोल्याला गेलो. मी डबी दिली आणि देवाचं नाव घेत बसले. पूनम आतून जवळजवळ पळतच आली, "मॅडम, स्वच्छ! एकदम स्वच्छ!" मी तिला मिठी मारली. बाहेरच्या बाकावरच्या अनोळखी बायांनी टाळ्या वाजवल्या. यांच्या डोळ्यांत पाणी. मी मान ताठ करून आत गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, द्या तारीख! मे असो, नाहीतर आग असो!"

"छान, फार छान," डॉक्टर म्हणाल्या. "या, काट्यावर उभ्या राहा."

उभी राहिले.

काटा पुढे गेला. मला वाटलं, जिथे थांबायला हवा तिथे थांबेल. नाही थांबला.

"चौदा किलो," डॉक्टर म्हणाल्या.

"चौदा काय?"

"वाढलंय."

मग त्यांनी टेबलावर झोपवलं. जिथे चिमटीत धरून ओढली की हातभर कातडी यायची, तिथे त्यांनी चिमूट लावली. चिमटीत काही येईना. दुसरीकडून प्रयत्न केला. थोपटून बघितलं. टण्ण!

"ताई," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी काढू काय? लोंबणारी कातडी उरलीच नाही. सगळी भरून निघाली. आधी वजन उतरवा, मग सहा महिने ते तिथेच टिकवा, मग या."

मी यांच्याकडे बघितलं. कोणावर तरी ओरडायला हवं होतं ना! "तुमीच म्हणले होते गूळ-फल्ली खा!"

"जवळ ठेव म्हणलो होतो वं," हे म्हणाले. "यष्टीचा डबा रिकामा कर, असं नाई म्हणलो!"

तर असं झालं. लपवायला अकोला गाठलं, आणि शेवटी माझ्याच तोंडून सगळ्यांना कळलं. आता शाळेत रोज कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, तुम्ही ते ऑपरेशन करणार होता ना?" मग मी त्यांना तंबाखू कशी सोडली ते सांगते, अगदी पहिल्या दिवसापासून. सगळे मन लावून ऐकतात, माना डोलावतात आणि बघतात मात्र माझ्या पोटाकडे. सोडलेलं कोणाला दिसतं हो? धरलेलं तेवढं साडीवरूनही दिसतं.